विकतचे पापड

गेल्या उन्हाळ्यात मी मलकापूरहून तयार पापड विकत आणले आणि बायकोची वर्षातली एकुलती एक सुट्टी मोडली.

हेतू शुद्ध होता. कचेरीतून मी निवृत्त झालो. ती कशातूनच झाली नव्हती. मी पेपर वाचायचो, मग वाचून थकलो म्हणून झोपायचो. तेवढ्यात ती धुणं, भांडी आणि माझा चष्मा शोधणं उरकायची. हे पाहून मलाही लाज वाटली. झाडू धरण्याइतकी नाही, खरेदी करण्याइतकी.

आमच्या गल्लीत पापड कुणी एकटीनं लाटत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. त्या दिवशी आमची, सगळ्यांत शेवटची पाळी होती. बायको उडदाचं पीठ आणायला गिरणीवर गेलेली. समोरच्या वहिनी, म्हणजे बायको लग्न होऊन आली तेव्हापासूनची तिची मैत्रीण, पोळपाट-लाटणं काखेत मारून दारात आल्या.

“वहिनी, यंदा पापड विकत आणले. तिले जरा आराम करू द्या.”

“काऊन हो भाऊजी, तब्येत बरी नाही का तिची?”

“ठणठणीत हाय. म्हटलं, किती राबवायचं बायकोले!”

त्या हसल्या नाहीत. “मंग राहू द्या,” म्हणाल्या आणि मागून येणाऱ्या बायांनाही घेऊन परत गेल्या. बायको गिरणीवरून आली, पिठाचा डबा खाली ठेवला, रिकाम्या ओसरीकडे पाहत राहिली.

दरवर्षी ह्या ओसरीवरून हसणं माझ्या खोलीत यायचं. मी पाणी प्यायला बाहेर आलो की सगळ्या गप्प. मला वाटायचं, मान ठेवतात.

महिन्याभरात वहिनी कायमच्या पुण्याला, मुलाकडे राहायला गेल्या. त्या दोघींची शेवटची बैठक मी दारातूनच परत पाठवली होती. आता फोन होतात. “जेवली का?” “हाव.” “काय केलं?” “वरण.” हातात लाटणं नसलं की दोघींनाही बोलणं सुचत नाही. विकतचे पापड बायकोनं मला रोज तळून वाढले. स्वतः एकही खाल्ला नाही.

यंदा मीच लाटणं घेऊन तिच्यासमोर बसलो. माझे पापड गोल सोडून सगळ्या आकारांचे झाले. ती मान खाली घालून लाटत होती. शेवटी न राहवून मी म्हणालो, “अवं, वहिनीसंग बोलायची तसं माझ्यासंग बोल की काही.”

तिनं माझा पापड मोडून पुन्हा त्याची लाटी केली.

“तुमच्यासंग काय बोलू? आमचं सारं बोलणं तुमच्यावरच राहे!”