पहिल्या घंटीचे चौदा मानकरी

पडदा वर जातो तेव्हा खैरटोल्याच्या समाजमंदिराचा ओटा दिसतो. एप्रिलची सकाळ, पण ऊन भर दुपारचं. डाव्या अंगाला पंधरा-वीस शेतकरी, सगळे एकाच वेळी बोलणारे. उजव्या अंगाला खांबावरचा डीपी, म्हणजे शेतांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, काळा ठिक्कर, अजून जळक्या तेलाचा वास सोडणारा. आणि मधोमध, हातात स्क्रू पिळायचा पेचकस धरून, आरोपी मनिराम रामटेके.

खलनायकाचं काम त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं. झाडीपट्टीच्या नाटकमंडळीत तो तीस वर्षं लाइटवाला होता. मिठाच्या पाण्याच्या मडक्यात विजेचे दोन पत्रे हळूहळू खाली सोडून, दिवे उजळवत, तो असा सूर्योदय करी, की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हात जोडत. टाळ्या मात्र त्या सूर्योदयात उभ्या असलेल्या राजाला पडत.

मंडळी सोडून तो गावी आला, पण डोकं काही स्वस्थ बसेना. बल्बाच्या पेटीत त्यानं एकवीस अंडी उबवली. गावात एकही पिल्लू कुणी घेतलं नाही. बल्बाच्या पिलांना माया नसते म्हणे. मग मोहफुलं वाळवायचं यंत्र केलं. पहिल्याच दिवशी असा वास सुटला की चार शेजारी ग्लास घेऊन दारात आले.

आणि मग ही घंटी. शेताला वीज कधी येईल याचा नेम नव्हता. माणसं बांधावर तासन्‌तास बसत, कंटाळून घरी जात, आणि तेवढ्यात वीज येऊन गेलेली असे. मनिरामनं भंगारातून टेलिफोनची जुनी तार आणली आणि आपल्या विहिरीवरच्या स्टार्टरपासून चौदा घरांत नेली. शेतात वीज आली की चौदा स्वयंपाकघरांत घंटी.

घंटी उत्तम वाजली, हीच पंचाईत झाली. पूर्वी कुणाला कळायचं, कुणाला नाही, कुणी बिडी संपवून उठायचा. मोटरी एकामागून एक सुरू व्हायच्या. आता चौदा जण एकदम धावले, चौदा बटणं एकदम दाबली गेली, आणि डीपीनं प्राण सोडला.

"काऊन गा मनिराम, कोनं सांगलं होतं तुले हे?" नंदलाल पटले गरजले. चौदांत त्यांची शेती सगळ्यात मोठी, आवाजही.

"घंटी तं बरोबर वाजली ना, भाऊ?"

"घंटी वाजली, पन धान वाळून राहिला, त्याचं काय?"

नवा डीपी यायला आठ दिवस होते. उन्हाळी धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला आलेला. पाण्याची ही एक ओढ कशीबशी निभली असती, दुसरी नाही. तारा उपटायला दोघं उठलेसुद्धा, तेव्हा मनिराम म्हणाला, "डीपी आला का घंट्या पारीपारीनं, एकामागं एक वाजवतो. पुन्हा जळला तं हा पेचकस तळ्यात फेकतो. मंग जिनगीत तारेले हात लावत नाई."

"पारी म्हंजे? पहिली कोनाची?"

"माही," असं उत्तर चौदा वेळा आलं. त्यावर दुपारपर्यंत भांडण चाललं. डीपीचं नावही कुणी काढेना.

मनिरामला हे सगळं आधी पाहिल्यासारखं वाटत होतं. मंडळीतही जाहिरातीवर पहिलं नाव कुणाचं, यावरून गाडी अडून बसायची. मग मालक एकेकाला बाजूला घेऊन कानात सांगायचा, "खरा हिरो तूच आहेस रे." आणि गाडी सुटायची.

जुन्या टेबलफॅनची मान हलवणारं चाक काढून मनिरामनं एक पेटी केली. ती तीन-तीन मिनिटांनी एकेका घरची घंटी वाजवी. रोज सुरुवात वेगळ्या घरापासून व्हायची. मग तो घरोघर फिरला.

"भाऊ, पहिली घंटी तुमची. कोनाले सांगजा नोको."

"मले मालूमच होतं," नंदलाल म्हणाले. "पन बाकीच्यायले वाईट वाटन ना गा." आणि शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी घंटीला टॉवेल बांधला. चौदा घरांत त्या दिवशी चौदा टॉवेल गेले.

नवा डीपी बसला. वीज आली तेव्हा मनिराम खांबाखाली उभा होता. पहिली मोटर खोकली. मग दुसरी. आठव्या मोटरीला वर खांबावर जाड गुणगुण सुरू झाली, तशी पेचकसावरची त्याची मूठ आवळली. तेरा. आणि चौदावी! डीपी आपला गुणगुणत राहिला.

पुढं महिनाभर असंच चाललं. आपल्याआधी कुणी शेतात दिसलाच, तर तो बिचारा सकाळपासून बसून असेल, असं प्रत्येकानं मनाशी ठरवून टाकलं.

धान कापून झाल्यावर समाजमंदिरात कार्यक्रम ठेवला. शाल नंदलालना मिळाली, कारण डीपी आणायला ट्रॅक्टर त्यांचा गेला होता. माईक खरखरला म्हणून मनिराम मंचावर चढला आणि तार पिळून उतरला. नंदलाल माईकवर म्हणाले, "नवा डीपी मजबूत निंघला म्हणून वाचलो! आन मनिराम, आता कशाले हात लावू नोको गा!" सारा गाव हसला. मनिरामही हसला, अगदी मनापासून.

घरी जाताना त्याची बायको भागीरथा मात्र धुमसत होती. "तुमी उठून सांगलं काऊन नाई?"

मनिराम थांबला. पेचकस खिशात नीट आहे ना, हे त्यानं चाचपून पाहिलं.

"सांगतो ना. मंग चौदा जन इचारतीन, खरी पहिली घंटी कोनाची? आन पहिलं होयाले सारे एकदम धावतीन. त्याच्यानंतरचा डीपी तू आनशीन का, भागीरथा?"