दाजींचं वरचं बटण

माझे दाजी शिंपी. उभी हयात लोकांना टापटीप दिसायला लावण्यात गेली, त्यामुळे स्वतः गबाळं राहणं त्यांना पापच वाटे. अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात लुळा पडला, दुकान बंद झालं, पण ऐट जागेवर. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. रोज सकाळी दार लोटून ताई त्यांच्या शर्टाची बटणं लावायची. हे कुणाला कळू द्यायचं नाही असा हुकूम होता. मला कळलं तेही चुकून.

अपंगत्वाच्या भत्त्यासाठी तपासणीला बोलावलं, तर हा माणूस कडक इस्त्रीच्या शर्टात, गळ्यापर्यंत बटणं लावून निघाला. डॉक्टरांनी विचारलं, कपडे स्वतः घालता का?

"हो, म्हणजे काय," दाजी म्हणाले.

ताईने मान खाली घातली. मला अस्सा राग आला, पण मेहुण्याने मध्ये तोंड घालायचं नसतं.

निकाल यायला थंडी सरून उन्हाळा लागला. स्वतःची कामं स्वतः करतात, सबब भत्ता नामंजूर. फेरतपासणीचा अर्ज केला आणि पुन्हा वाट बघणं आलं. खिडकीवर विचारलं की एकच उत्तर, प्रकरण वर गेलंय. तोवर ताई इस्पितळाच्या धुलाईखान्यात ओल्या चादरी उपसत राहिली. भत्ता सुरू झाला की ते काम सोडणार होती. त्याआधी तिची कंबर गेली.

फेरतपासणीला नव्या डॉक्टरीणबाई होत्या. प्रश्न तोच. दाजींनी कंबरेला पट्टा बांधलेल्या ताईकडे पाहिलं.

"ही घालते. मागच्या वेळीही हिनेच घातले होते. मी खोटं बोललो."

बाईंनी वरचं बटण काढून पुन्हा लावून दाखवायला सांगितलं. ताई उठू लागली, तिला बाईंनी बसवलं. दाजींनी डाव्या हाताने बटण कसंबसं काढलं, पण लावताना काज सापडेना. जन्मभर दुसऱ्यांच्या शर्टांना काजं केली, आणि स्वतःच्या गळ्याखालचं एक सापडेना. मी भिंतीकडे बघत बसलो. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी बाई म्हणाल्या, पुरे. निर्णय पोस्टाने कळेल, वेळ लागेल.

बाहेर आल्यावर ताई सवयीने आडोसा शोधू लागली. दाजी भर रस्त्यात थांबले.

"इथेच लाव," ते म्हणाले. "माझ्या लाजेपायी तुझी कंबर गेली."

माणसं येत-जात होती. हात वर केला की ताईच्या कंबरेत कळ येते, म्हणून दाजी तिच्यापुढे वाकले.