गोलचीसाठी अख्खं संत्रं

१९७३ च्या डिसेंबरातल्या एका रविवारी आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ सलग सहावा सामना हरला. शून्य विरुद्ध चार. मी गोलरक्षक होतो. नागपुरात गोलरक्षकाला गोलची म्हणतात. मध्यंतराला कॅप्टनने माझ्याकडे संत्रं फेकलं. मी हात उचलले नाहीत. संत्रं माझ्या छातीवर आपटलं आणि खाली पडलं.

"काहून बे," कॅप्टन ओरडला, "संत्रंही पकडता येत नाही का आता? म्हणूनच गोल खाऊन राहिला तू."

बाकीचे हसले.

"मले परातीतलं दे," मी म्हणालो.

हसणं थांबलं. कॅप्टनने आधी परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"परात घरची आहे," तो म्हणाला.

खेळाचे सर दोन पावलांवर उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं. "चला, चला. वेळ झाली."

कॅप्टन रामदासपेठेत राहायचा. घरची संत्र्याची बाग काटोलकडे. प्रत्येक सामन्याला त्याच्या घरचा गडी सायकलवर पितळी परात घेऊन यायचा. वर ओलं फडकं. आत सोललेल्या संत्र्याच्या फोडी. मध्यंतराला सगळे परातीभोवती बसत आणि हाताने उचलून खात. माझ्यासाठी एक अख्खं, न सोललेलं संत्रं वेगळं यायचं. ते कॅप्टन लांबून फेकायचा. "ए गोलची, पकड बे!"

मी पकडायचो. पहिल्या सामन्यात उजवीकडे झेप घेऊन पकडलं. बघे टाळ्या वाजवू लागले. दुसऱ्या सामन्यात त्याने मुद्दाम उंच फेकलं, मी उडी मारून एका हाताने घेतलं. मला वाटलं, हा गोलचीचा मान आहे. बाकीच्यांना फोडी, मला अख्खं. ते मी दुसऱ्या टोकाच्या गोलपोस्टला टेकून एकटाच सोलून खायचो. उत्तरार्धात तिथेच उभं राहायचं असतं, म्हणून तिथे बसतो, असं मी स्वतःला सांगत होतो. तिथे बस, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. इकडे ये, असंही कोणी म्हटलं नव्हतं.

मैदानावर गोलला जाळी नव्हती. गोल झाला की चेंडू मागच्या बाभळीपर्यंत जायचा. तो आणायला मीच जायचो. परत येईपर्यंत बाकीचे दहा जण मध्यरेषेकडे निघालेले असत. त्या हंगामात मी त्यांच्या पाठीच जास्त पाहिल्या.

माझं घर उत्तर नागपुरातल्या वस्तीत. वडील गिरणीत. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी मला खांद्यावर बसवून नेलं होतं, मी तीन वर्षांचा होतो. आई घरी विड्या वळायची. पाचवा सामना हरून आलो तेव्हा ती विड्याच वळत होती. पराभवाबद्दल बोलायचं नव्हतं, म्हणून मी तिला संत्र्याची गोष्ट सांगितली. कसं फेकतात, मी कसं झेलतो, लोक कसे टाळ्या वाजवतात. हातवारे करून दाखवलं.

तिने विडीला दोरा बांधला. मग विचारलं, "बाकीच्या पोरायलेबी फेकूनच देते का?"

"मी गोलची आहो ना वं माय."

"बोट दुखून राहिलं होतं तुयं, त्या दिवशी तू खेळला नाही. त्या दिवशी?"

मी उठून हात धुवायला गेलो.

त्या दिवशी म्हणजे चौथ्या सामन्यात. माझ्या डाव्या हाताचं बोट सुजलेलं होतं. मी मैदानाबाहेर चपला घालून बसलो होतो. गोलमध्ये भिवापूरचा मुलगा उभा राहिला होता. एरवी तो बचावात खेळायचा. होस्टेलवर राहायचा, शेतकऱ्याच्या घरचा. संघात माझ्याशी बोलणारा तेवढाच एक. त्या दिवशी गोलची तो होता. मध्यंतराला तो परातीभोवती बसला आणि त्याने फोडी खाल्ल्या. मी गोलची नव्हतो. तरी संत्रं माझ्याकडेच उडत आलं. मी उजव्या हाताने झेललं. सगळे हसले. मीही हसलो.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं. मी ते पाहिलं नव्हतं.

आईने विचारल्यानंतरचा सामना तो सहावा.

सोमवारी सरांनी मला बोलावलं. विद्यापीठाच्या निवड शिबिरासाठी प्रत्येक कॉलेजातून एका गोलचीचं नाव जायचं. शिफारस सरांची. इतके गोल झाले तरी माझं नाव जाईल, असं त्यांनीच मला महिनाभर आधी सांगितलं होतं. विद्यापीठाच्या संघात जायचं, या एका गोष्टीसाठी मी रोज पहाटे मैदानावर येत होतो.

"कॅप्टनची माफी माग," सर म्हणाले. "विषय संपव. मी आजच नाव पाठवतो."

"कशाची माफी, सर?"

"संघात वागायची एक रीत असते."

"परातीतलं मागितलं त्याची?"

त्यांनी समोरचा कागद उलटा केला. "तो बिचारा घरून आणतो. कॉलेज देतं का काही? घरात आजी आहे त्याची, तिचं सोवळं असतं. त्यात त्याचा काय दोष?"

"माझा काय दोष, सर?"

"माफी मागणार की नाही?"

"नाही."

"मग तू जाऊ शकतोस."

नाव गेलं नाही. शेवटच्या सामन्यातूनही मला काढलं. मी तरी मैदानावर गेलो आणि गोलच्या मागे बाभळीखाली उभा राहिलो. गोलमध्ये भिवापूरचा मुलगा होता. शून्य-सात. चेंडू माझ्यापर्यंत यायचा, मी तो त्याला परत द्यायचो. सामना संपल्यावर सगळे निघून गेले. तो एकटा माझ्याकडे आला.

"मले पहिल्याच मॅचपासून माहीत होतं गा," तो म्हणाला.

"मग सांगितलं काहून नाही?"

तो गुडघ्याची माती झाडत राहिला.

"तू झेलून खुश दिसत होता."

मी सायकल घेतली. घरापर्यंत चालवली नाही, हातात धरून चालत गेलो.

जुलैमध्ये कॉलेज उघडलं. नव्या हंगामासाठी अर्ज मागवले. कॅप्टन तोच होता. मी अर्ज लिहिला. नाव, वर्ग, जागा : गोलरक्षक. खाली एक ओळ जोडली. मध्यंतराला मी संघासोबत बसेन आणि संघ खाईल त्याच भांड्यातून खाईन.

सरांनी अर्ज वाचला. "ही ओळ काढ."

"नाही काढणार."

"मग अर्ज घेता येणार नाही."

"घेऊ नका. ठेवून जातो."

अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवून मी बाहेर आलो.

चार दिवसांनी यादी लागली. सगळ्यात वर कॅप्टनचं नाव. बचाव, मध्यफळी, आघाडी, सगळी नावं भरलेली. 'गोलरक्षक' या शब्दापुढे कोरी जागा होती. भिवापूरच्या मुलाचं नाव बचावात होतं. गोलमध्ये उभं राहायला त्याने नकार दिला होता, असं मला नंतर कळलं.

पहिला सराव त्याच दिवशी चार वाजता होता. पावणेचारला मी गोलमध्ये जाऊन उभा राहिलो. संघ आला तेव्हा मी तिथेच होतो.