मेमरीचा बोर्ड हाताने धरला तेव्हा

आमचे हे मिलात इलेक्ट्रिक खात्यात. होते म्हणू की आहेत म्हणू तेच तेव्हा कळत नव्हतं, कारण संपाला वर्ष उलटलं तरी मिटला असं कोणी बोलत नव्हतं. मुलगी माझी अंगावर पीत होती. ग्रँट रोडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, तिथले शेठ ह्यांना म्हणाले, दुबईवरून आलेला एक जुना घरगुती कॉम्प्युटर आहे, त्यात जागाच नाही, मोठा प्रोग्राम मावत नाही, त्याला मागून लावायचा मेमरीचा बोर्ड बनव, चालला तर तुला कायम ठेवतो.

दुकानातलं टेबल सकाळीच रिकामं असायचं, म्हणून हे पहिल्या पाळीच्या वेळेलाच निघायचे, हातात मिलातला तोच डबा. बस, तेवढं पुरलं. हा संपातून फुटला, चोरून मिलात कामावर जातो, अशी बोंब उठली. मागच्या चाळीतल्या एकाला नुसत्या संशयावर गाठून हात मोडला होता, त्यामुळे हे घरी येईपर्यंत माझा जीव था­ऱ्यावर नसायचा, जिन्यात पाय वाजले की मी पोरीला घट्ट धरायची.

नळावर गेले तर माझी कळशी उचलून शेवटी ठेवलेली. शेवटच्या खोलीतल्या काकी कमरेवर हात ठेवून म्हणतात, "तुझो घोव खंय जाता गो इतक्या सकाळी?"

"कॉम्प्युटरचं काम मिळालंय, काकी."

"कॉम्प्युटर! ऐकलंत काय गो? घरात रॉकेल नाय आणि ही कॉम्प्युटर करता!"

सगळ्या हसल्या. मी सातवीत शाळा सोडलेली, मला तरी कुठे समजावून सांगता येत होतं? पण खोटं बोलते म्हणाल्या, ते मला फार लागलं.

मग मीच ह्यांना म्हटलं, सकाळचं जाणं बंद, काय ते घरी आणा. त्यांनी वायरच्या पिशवीतून कॉम्प्युटर, टेप, सगळं आणलं. मोरीजवळ बसून हे कथील वितळवून जोडाला डाग द्यायचे, मी चिमट्याने वायर धरायची. बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडलेल्या, त्यांच्यावर कथील धरेना. मी म्हटलं, द्या इकडे, आणि देवाचा तांब्या घासतो तशी चिंच लावून घासली, धुतली, पुसली. हे ओरडले, पण मग डाग बसला तशी पुढची पट्टीही माझ्याकडेच सरकवली.

बोर्ड झाला. तो चालतो का बघायला टीव्ही लागतो, कॉम्प्युटरचा पडदा तोच, आणि आमच्या मजल्यावर टीव्ही एकच, त्याच काकींकडे. काका युनियनचे, मिलच्या गेटवर पहाऱ्याला बसणारे. हे म्हणाले, "दुकानात नेऊन बघतो."

"नाही," मी म्हटलं. "इथेच. सगळ्यांसमोर."

मीच जाऊन दार वाजवलं. काका आधी दारातच आडवे उभे राहिले, मग ह्यांच्या हातातल्या पिशवीकडे बघून बाजूला झाले. बघता बघता अख्खा मजला आत घुसला. ह्यांनी वायरी जोडल्या, टेपमध्ये विमानाच्या मोठ्या खेळाची कॅसेट घातली, पडद्यावर रेघा नाचायला लागल्या. आणि मध्येच सगळं पांढरं. परत लावलं, परत पांढरं. बोर्ड खाचेत सैल बसत होता, टेबलाला जरा कोणाचा धक्का लागला की खेळ खलास.

"नाटकं नुसती," मागून कोणीतरी बोललं.

मी पुढे झाले, बोर्ड दोन बोटांनी दाबून धरला आणि म्हटलं, "लावा परत." कडेवर पोरगी भुकेने रडतेय, पदर ओढतेय, मी हलत नाही. श्वास घ्यायचीसुद्धा भीती. रेघा, रेघा, रेघा. आणि मग पडद्यावर काळं चौकोनी विमान आलं आणि ह्यांनी बटण दाबलं तसं सरकलं.

पोरं किंचाळली. काका पुढे वाकले. "अरे! हेच करत होतास होय?"

"हेच," हे म्हणाले.

मी वाट बघत होते. आता काहीतरी बोलतील. चुकलं म्हणतील, निदान मान खाली घालतील. काकींनी स्टूल पुढे ओढलं, आपल्या नातवाला बसवलं आणि मला म्हणतात, "गुणाचो गो तुझो घोव! रोज संध्याकाळी घेऊन या हां, पोरं खेळतली. तू धरून उभी र्‍हव तशीच."

तशीच! महिनाभर माझ्या नवऱ्याच्या हातापायांची काळजी करून मी सुकले, आणि ह्या लोकांच्या पोरांच्या खेळासाठी तशीच उभी राहू?

मी हात काढला, टेबलाला कोपर लागलं. पडदा पांढरा.

"अगं, चालत होतं की!" हे कळवळून म्हणाले.

"चाललं ते सगळ्यांनी बघितलं ना? आता शेठला दाखवा." पोरगीचं तोंड पदराखाली घेतलं आणि मी त्या गर्दीतून वाट काढत निघाले. काकी मागून हाका मारत होत्या, मी काही वळले नाही.