नव्या व्हर्जनचा दसरा

डागडुजी वेगळी आणि नवं व्हर्जन वेगळं, हे मला आज झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. शिकवणी महागात पडली.

द्वारका चौकाजवळ थोरल्या भावाचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, दहाव्याची कार्डं. टाइप मी करायचे, मालक तो. वडील जन्मभर भाजीच्या मळ्यात राबलेले. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात ते दुपारी येऊन माझ्याशेजारी बसत आणि मळ्याचं सगळं सांगत. कोणतं बी कोणत्या नक्षत्रावर टाकायचं, कोणत्या विहिरीचं पाणी मेथीला मानवत नाही, आई पहिल्यांदा बाजारात बसली तेव्हा कशी रडली. "लय हळू लिवती तू," म्हणायचे. मी थेट कॉम्प्युटरवरच घेत होते.

ते गेले. कागदावर काढते म्हटलं, तर भाऊ म्हणाला, शाई कशाला वाया घालवतेस, एकदम पुस्तकच छापू. दोन दिवाळ्या गेल्या, पण धंद्याच्या कामातून वडिलांचा नंबर काही लागेना.

मराठीच्या सॉफ्टवेअरमध्ये तेव्हा रफार भलतीकडे सरकायचा. कंपनीच्या माणसाने एक फ्लॉपी घालून तो जागेवर आणला होता. जुन्या फाइलींना काही झालं नव्हतं. तेवढ्यावर भावाने खूणगाठ बांधली की सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे एवढंच. नवं व्हर्जन घ्यायचं ठरलं, तेही दसऱ्याच्या मुहूर्तावर.

खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा झाली. कीबोर्डवर हळदकुंकू, मॉनिटरला झेंडूची माळ. वडिलांची फाइल फ्लॉपीवर घेऊ दे, म्हटलं. भाऊ म्हणाला, पूजेनंतर हत्याराला हात लावायचा नसतो, आणि मागच्या वेळी तरी काय झालं होतं?

दसऱ्याला मी पोचायच्या आत नवं व्हर्जन बसलं होतं. जुनं चालवायला मशीनच्या मागे कंपनीचं एक लॉक किल्लीसारखं खोचावं लागे, तेही नव्याच्या बदल्यात कंपनीला देऊन झालं होतं. मी फाइल उघडली. परिच्छेद जागच्या जागी, अक्षरं मात्र कुठल्याच भाषेतली नाहीत.

कंपनीच्या माणसाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, मागची डागडुजी होती ताई. यात अक्षरांचे कोडच बदललेत, जुन्या फाइली आधी बदलून घ्यायच्या असतात. आता जुनं लॉकही नाही, मग काही होणार नाही. 'असतात' हे लोक नंतरच सांगतात. त्याचा राग आलाच, पण भावाचा जास्त आला, आणि तो अजून गेलेला नाही.

संध्याकाळी भाऊ नवा शर्ट घालून आला. मी सांगितलं ते त्याने उभ्याउभ्याच ऐकलं.

"मग परत टाइप कर ना. नव्यात काम भरभर होतं."

"सांगायला कोण बसणार शेजारी?"

त्याने खिशातून आपट्याची पानं काढली आणि सोनं घे म्हणाला. मी हात पुढे केला नाही.