फ्रांगुलिसची टाच

फ्रांगुलिसच्या आणि माझ्या घराला मधे एकच भिंत. दगडी आहे, पण अमेर्साच्या आवाजाला ती कधी पुरली नाही. त्या हिवाळ्यात तिने नवऱ्याला जे सुनावलं, ते मी चुलीपाशी बसून ऐकलं. ऐकायचं नव्हतं असं काही म्हणणार नाही.

"मेंढ्या विकून टाक. कोस्मासदादा घेतो म्हणतोय."

"तुझा भाऊ माझं कातडंही घेईल."

"लंगडतोस किती ते बघ. मी एकटी डोंगर चढणार नाही. ईस्टरपर्यंत तुला जमलं तर ठीक, नाहीतर मेंढ्या जातील."

फ्रांगुलिस कबूल झाला. मेंढ्यांखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं.

आमच्या स्किरोस बेटावरचे मेंढपाळ सपाट चपला घालतात, टायरच्या तळाच्या. जन्मभर तशाच चढउतारात त्याच्या टाचेमागची जाड शीर सुजून गाठाळली होती. सकाळची पहिली पावलं तो भिंत धरून टाकायचा. मी गरम वीट दिली, पाद्रीबाबांनी चर्चच्या दिव्यातलं तेल दिलं. अमेर्साने दारूने चोळलं आणि उरलेली त्याने पोटात घेतली. गुण आला तो त्या उरलेलीचाच. मग तो दिवसच्या दिवस खाटेवर पडून राहिला. उठून डोंगर चढला की पुन्हा तेच.

दवाखान्यात बोटीने अन्थी नावाची पोरगी यायची, व्यायाम शिकवणारी.

"कापाकापी नको, काका," ती म्हणाली. "पडून राहून शीर बरी होत नाही. पायरीच्या कडेला चवड्यांवर उभे राहा आणि टाच सावकाश खाली सोडा. सपाट चपला बंद. बुटात टाचेखाली बुचाचा तुकडा ठेवा. डोंगर अर्धाच. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी वाढलं तर कमी करा. महिने लागतील."

"महिने? मेंढ्यांना थांबा म्हणून सांगू का?"

"आधी स्वतःला सांगा."

रोज माझ्या दारासमोरच्या पायरीवर तो उभा. टाच खाली, टाच वर.

"अंडं घालतोयस का रे?" मी विचारलं.

"घातलं की तुलाच देतो, काकू."

पण गुण येत होता. अर्ध्या डोंगरापर्यंत तो न थांबता जाऊ लागला. अन्थी खूश झाली. म्हणाली, आता पाठीला थोडं वजन बांधून करा.

आणि नेमका ईस्टरच्या उपासांआधीचा कार्निव्हल आला. आमच्याकडे त्या दिवसांत मेंढपाळ 'म्हातारा' होतात. तोंडावर बोकडाचं कातडं आणि कमरेला कळपाच्या सगळ्या घंटा, एखाद्या थोराड मेंढ्याएवढं ओझं. तसे ते गल्ल्यांतून डुलत किल्ल्यापर्यंत चढतात. फ्रांगुलिस घंटा बांधू लागला तशी अमेर्सा दारात आडवी उभी राहिली.

"वजन घ्या म्हणाली ना ती?" तो म्हणाला. "मग हे वजनच आहे."

"ती पिशवीबद्दल बोलली असेल."

"सगळं गाव मला चढताना बघेल. मग तुझा भाऊ कसं काय तोंड उघडतो ते बघू."

तो गेला. असा वाजला की मी म्हातारी दारात उभी राहून रडले. किल्ला त्याने गाठला. उतरताना वळणावर खाली बसला, तो उठलाच नाही. घंटा वेगळ्या उचलून आणल्या आणि त्याला वेगळा.

पुढच्या बोटीने अन्थी आली. तिने पोटरी दाबून पाहिली. "शीर तुटलेली नाही. पण आता सगळं पहिल्यापासून."

"ईस्टरपर्यंत?"

"ईस्टरपर्यंत नाही होणार, काका."

"मग सुई दे. काहीतरी दे, पोरी. नाहीतर काप."

"सुईने दुखणं दबेल, काका, पण शीर कमजोर होईल. कापलं तरी महिनेच लागतील."

त्यानंतर भिंतीपलीकडून भांडण ऐकू आलं नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

ईस्टर होऊन गेल्यावर कोस्मासचा ट्रक धक्क्यापाशी येऊन उभा राहिला. माझी माणसं कळप आणतील, असा त्याने निरोप पाठवला. फ्रांगुलिस म्हणाला, मी आणतो. काठी टेकत तो पुढे आणि मेंढ्या मागे. विहिरीपाशी थांबून त्याने पाणी शेंदलं, हौद भरला, म्हाताऱ्या मेंढ्यांना आधी पिऊ दिलं. एक ट्रकला लावलेल्या फळीवर चढेना, तिला ढुंगणाला रेटून वर घातली. ट्रकचं मागचं फळकूट लावलं आणि कडी नीट बसली का ते ओढून पाहिलं.

"सकाळी आधी पाणी, मग चारा," त्याने मेहुण्याला सांगितलं.

"माहीत आहे मला."

"माहीत आहे तर दे."