जुनी लायब्ररी

हिंगोलीत आम्ही दोघं एका दवाखान्याचं सॉफ्टवेअर लिहायचो. सर माझ्याहून दहा वर्षांनी मोठे होते. रोज बसण्याआधी ते रुमालानं कीबोर्ड पुसत आणि वाक्य संपलं की "बराबर?" असं विचारत.

रुग्णांच्या याद्या गाळायला, जुळवायला दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या दोन लायब्ररी मिळत होत्या. नवीत दहा ओळींचं काम दोन ओळींत व्हायचं, म्हणून मी ती घेतली. सोमवारी येऊन पाहतो, तर सरांनी माझा सगळा कोड जुन्या लायब्ररीवर पुन्हा लिहून ठेवलेला.

"काहून बदललं, सर?" मी चिडलो.

"जुनीचं पुस्तक मिळतं. उद्या मी नसलो अन् तुला अडलं, तर कोणाला इचारशील? बराबर?"

"तुमाला नवं शिकायचंच न्हाई."

ते नुसते हसले आणि नांदेडला काम आहे म्हणून निघाले. आठवड्यातून दोनदा ते असेच जात.

चार महिन्यांनी सर वारले. त्यांच्या आठवणीत ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी त्यांच्या गावी, कुरुंद्याला गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "वर्षापासून नांदेडला डायलिसिस चालू व्हतं. तुमाला बोलले न्हाईत?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्या सोमवारी मी त्यांना काय बोललो होतो, ते सांगायला माझं तोंड उघडलं नाही.